लोकांपुढे बोलू नये अशी गोष्ट

(शाबुओथच्या आदल्या रविवारी आपल्या सिनेगॉगच्या स्त्री वाचनमंडळातर्फे न्यू यॉर्क येथे झालेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतले आहे.)



शाबुओथ तोंडावर आला आहे. आणखी थोड्याच दिवसांत आपण रूथची मेगिल्ला वाचू. या सभेला मला बोलावताना कार्यकारिणीने सांगितले होते की, गेल्या हिवाळ्यात तुमच्या वाचनमंडळाने जे पुस्तक वाचले त्याविषयी बोला. मी एक सवलत मागून घेतली. पुस्तकाविषयी मी थोडकेच बोलेन. ते वाचून वाचकांनी जे म्हटले त्याविषयी अधिक बोलेन. त्या वाचकांत आपणही आलो, मीही आले. शेवटी मी रूथकडे येणार आहे, तेव्हा विषय सोडून गेले असे वाटल्यास थोडा धीर धरावा.

आमचे वाचनमंडळ लहान आहे. महिन्यातून एका रविवारी दुपारी खालच्या खोलीत आम्ही अकराजणी जमतो. कोणी नानकटाई आणते, कोणी चहाचा थर्मास. काही आया आहेत, काही मुली आहेत, एक आजी आहेत. पुस्तक निवडण्याची पाळी या वेळी एका तरुण मुलीची होती. तिने जे पुस्तक सुचवले ते एडविज डॅन्टिका या लेखिकेची ‘ब्रेथ, आइज, मेमरी’ ही कादंबरी.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती सांगते. लेखिकेचा जन्म १९६९ साली हैतीच्या राजधानीत, पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये झाला. ती लहान असताना आधी वडील आणि मग आई पोटापाण्यासाठी न्यू यॉर्कला आले आणि ती चुलत्यांच्या घरी वाढली. बाराव्या वर्षी ती ब्रुकलिनमध्ये आईवडिलांकडे आली. पुढे तिने बर्नार्ड कॉलेजात शिक्षण घेतले, नंतर ब्राउन विद्यापीठात लेखनाचा अभ्यास केला आणि १९९४ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ही पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली.

कादंबरीतील सोफी हैतीत मावशीजवळ वाढते. आई न्यू यॉर्कला आहे. ती पैसे पाठवते आणि पत्रांऐवजी आपला आवाज कॅसेटवर भरून पाठवते. बाराव्या वर्षी सोफीला आईकडे पाठवले जाते. ज्या बाईला ती ओळखत नाही तिच्या घरी ती मुलगी म्हणून राहू लागते. आईला रात्री भयंकर स्वप्ने पडतात. तरुणपणी उसाच्या शेतात तिच्यावर बलात्कार झाला होता आणि त्यातूनच सोफीचा जन्म झाला आहे. मुलगी वयात येऊन तिच्याहून वयाने बऱ्याच मोठ्या असलेल्या एका वादकाशी बोलू लागते, तेव्हा आई तिचे कौमार्य शाबूत आहे की नाही हे स्वतः तपासू लागते. आपल्या आईने आपल्याला जसे तपासले, तसेच ती करते. तपासताना मुलीचे लक्ष दुसरीकडे जावे म्हणून ती गोष्टी सांगते. त्या मुलीने त्यातून सुटण्यासाठी स्वतःच्या देहाला काय इजा करून घेतली, ते मी या सभेत सांगत नाही. ज्यांना वाचायचे आहे त्यांनी वाचावे. पुढे सोफीला स्वतःला मुलगी होते. ती लेकीला घेऊन हैतीला आजीकडे जाते आणि विचारते, ‘तुम्ही असे का करता?’ आजीचे उत्तर साधे आहे. मुलीची अब्रू राखणे हे आईचे काम. ते न केल्यास गाव आईला बोल लावील. आजी क्रूर नाही. नातीवर तिचा जीव आहे. ती माफीही मागते. या कादंबरीत कोणीही आई दुष्ट नाही, आणि म्हणूनच ती वाचवत नाही.

आता आमच्या खोलीत काय झाले ते सांगते.

पहिल्या बैठकीत दहा मिनिटे कोणी बोलले नाही. मग आमच्या आजींनी, ज्यांचा आम्ही सर्वजणी मान ठेवतो, पुस्तक मिटून मांडीवर ठेवले आणि म्हणाल्या, “हे आपल्यात नसतं. आपल्याला काय करायचंय?” दुसऱ्या एक भगिनी म्हणाल्या, “खरं असलं तरी पोरीनं आईची बेअब्रू करावी का? परक्या भाषेत, परक्या लोकांपुढे?” एक मुलगी म्हणाली, “पण मावशी, तिच्या आईनं जे केलं त्याबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत.” पुन्हा शांतता झाली.

मग आपल्या धर्मात असले काही नाही, असे कोणीतरी म्हणाले. त्यावर त्याच मुलीने कपाटातून हुमाश काढला आणि देवारीमचा बाविसावा अध्याय उघडून दिला. नवऱ्याने बायकोच्या कौमार्यावर आळ घेतला तर तिचे आईबाप गावच्या वडीलधाऱ्यांपुढे वस्त्र उलगडून दाखवतात, तो भाग. आळ खोटा ठरला तर नवऱ्याला शंभर शेकेल रुप्याचा दंड, आणि त्याला तिला कधीही सोडता येत नाही. आमच्यातील एकीने सांगितले, आणि ते खरे आहे, की या वस्त्राचा अर्थ शब्दशः घेऊ नये, साक्षीपुरावा वस्त्रासारखा उलगडून स्पष्ट करावा एवढाच तो अर्थ आहे, असे तालमुदात रब्बी यिश्माएल यांचे मत नोंदलेले आहे. म्हणजे आपल्या विद्वानांनाही हा मजकूर वाचताना अडखळायला झाले होते. पण मजकूर तिथे आहे. तो कोणी खोडला नाही. आजी म्हणाल्या, “आहे तर आहे. पण तो आपण आपल्यात वाचतो.”

भगिनींनो, त्या वाक्यावर मी बराच काळ विचार केला. ‘आपण आपल्यात वाचतो.’ आजींचे म्हणणे मला टाकाऊ वाटत नाही. म्हणून मी असे ठरवले की, या लेखिकेच्या स्वतःच्या समाजाने तिला काय म्हटले ते आधी पाहावे.

जे सापडले ते असे. कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर हैतीयन वाचकांपैकी अनेकांनी तिच्यावर राग धरला. लेखिकेने पुढे आपल्या एका निबंधसंग्रहात ते स्वतः नोंदवले आहे. एका बाईने तिला पत्र लिहून खोटारडी ठरवले आणि आमच्या बायकांना जगापुढे विकृत करून दाखवलेस असा आरोप केला. न्यू यॉर्कमधील एका हैतीयन समारंभात याच पुस्तकासाठी तिचा गौरव होत असताना, हिला लिहायला-वाचायला शिकवलेच कशाला, असे एक गृहस्थ म्हणताना तिच्या कानावर आले. असली माणसे आमच्यात नाहीत, असे म्हणणारे तर पुष्कळ होते. आमच्या खालच्या खोलीत जे बोलले गेले, ते शब्दांच्या थोड्या फरकाने तिथेही बोलले गेले होते.

पण त्या रागामागे काय होते तेही पाहिले पाहिजे. १९८० च्या दशकाच्या आरंभी एड्सचा रोग नवा होता, तेव्हा या देशाच्या आरोग्यखात्याने धोका असलेल्या गटांत हैतीच्या लोकांची राष्ट्रीयत्वावरूनच गणना केली. माणसांच्या नोकऱ्या गेल्या, शाळेत मुलांना मार बसला. १९९० साली सरकारच्या अन्न व औषध विभागाने हैतीच्या लोकांचे रक्तदान घेऊ नये असे धोरण काढले. त्या वर्षी २० एप्रिलला हजारो हैतीयन माणसे ब्रुकलिनचा पूल ओलांडून मॅनहॅटनमध्ये मोर्चाने आली. आपल्यापैकी जे तेव्हा इथे होते त्यांना तो दिवस आठवत असेल. आमच्या रक्तात दोष नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आणि त्यानंतर चारच वर्षांत त्यांच्यातीलच एका मुलीने, आमच्या घरांत लेकींच्या बाबतीत हे घडते, असे इंग्रजीत लिहिले. पुढे मे १९९८ मध्ये ऑप्रा विन्फ्री यांनी दूरचित्रवाणीवरच्या आपल्या पुस्तकमंडळासाठी ही कादंबरी निवडली आणि ज्यांनी आयुष्यात दुसरा एकही हैतीयन माणूस पाहिला नव्हता अशा असंख्य घरांत ती पोहोचली. अशा घरांत सोफी ही एक मुलगी राहत नाही. ती सगळ्या हैतीची मुलगी होते.

लेखिकेलाही हे कळले होते. नंतरच्या आवृत्तीला तिने एक पत्र जोडले. ते पत्र वाचकांना नाही, टीकाकारांना नाही. ते सोफीला लिहिलेले आहे. तुझ्या एकटीच्या देहावर साऱ्या मुलींचे ओझे लादले जात आहे, आणि प्रत्येक हैतीयन आई तुझ्या आईसारखी नसते, अशा आशयाचे ते पत्र आहे. तिने कादंबरी मागे घेतली नाही आणि वाचकांना मूर्खही ठरवले नाही. मला हे वागणे फार आवडले.

हे सर्व आपल्याला नवीन वाटू नये. याच शहराजवळ, न्यूआर्कमध्ये वाढलेल्या फिलिप रॉथचे पहिले पुस्तक १९५९ साली आले, तेव्हा ज्यू समाजातील कितीतरी लोक असेच चिडले होते. शत्रूच्या हातात कोलीत दिलेस, असे त्याला सांगण्यात आले. १९६२ साली येशिवा युनिव्हर्सिटीत तो बोलायला गेला तेव्हा श्रोत्यांनी त्याला फैलावर घेतले. महाराष्ट्रात १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले. बाहेरच्या वाचकांनी ते डोक्यावर घेतले, पण शिकूनसवरून वर आलेल्या त्यांच्याच काही बांधवांना, झाकले होते ते याने उघडे केले, असे वाटले. बेबी कांबळे यांनी तर आपले लेखन वीसएक वर्षे नवऱ्यापासूनही लपवून ठेवले होते. आणि अगदी या कादंबरीच्या विषयाशी भिडणारे उदाहरण हवे असेल तर पुण्याकडे पाहावे. कंजारभाट समाजात लग्नाच्या रात्री वधूचे कौमार्य तपासून जातपंचायतीपुढे निकाल सांगण्याची रूढी होती. त्याच समाजातील तरुण मुलामुलींनी २०१८ च्या सुमारास तिच्याविरुद्ध उघडपणे मोहीम काढली. समाजाची बदनामी केली म्हणून त्यांना शिव्या खाव्या लागल्या, मारही खावा लागला. ही चाचणी लैंगिक अत्याचार समजली जाईल, असे महाराष्ट्र सरकारने २०१९ साली जाहीर केले. मुले बोलली नसती तर ते जाहीर झाले नसते.

आता आपल्याकडे येते.

आपल्या समाजातील आया आणि मुली यांच्यावरही पुस्तके आली आहेत. अहमदाबादच्या एस्थर डेव्हिड यांची ‘द वॉल्ड सिटी’ ही कादंबरी १९९७ साली आली. तिच्यात एका बेने इस्राएल घरातील तीन पिढ्यांच्या स्त्रिया आहेत. ‘बुक ऑफ रेचल’मध्ये अलिबागकडील किनाऱ्यावर एकटी राहिलेली एक आई आहे, जिची मुले इस्राएलला गेली आहेत आणि जी ओस पडलेले सिनेगॉग सांभाळते. ही पुस्तके आपण कौतुकाने वाचतो, त्यांतील मलिद्याचे आणि पुरणपोळीचे उल्लेख एकमेकींना वाचून दाखवतो. जिथे ती टोचतात तिथे पान उलटतो. मी स्वतः उलटले आहे.

या कादंबरीतील ‘तपासणी’ हा शब्द वाचताना मला एक वेगळीच गोष्ट आठवत होती. आपल्यातील ज्येष्ठांना ती तपशिलाने माहीत आहे. आपली हजारो माणसे इस्राएलला गेली आणि तिथे त्यांच्या लग्नांचा प्रश्न उभा राहिला. १९६२ साली मुख्य रब्बींच्या कार्यालयाने नियम काढला की, बेने इस्राएल वर वा वधू लग्नाची नोंद करायला आली तर तिची आई, आईची आई, आणि शक्य तितकी मागची आईची परंपरा तपासावी. शतकानुशतके कोकणात शनवार पाळणाऱ्या, शेमा म्हणणाऱ्या, सुंता करणाऱ्या लोकांच्या आया तपासायच्या ठरल्या. १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसे जेरुसलेमला जाऊन बसली. त्या ऑगस्टमध्ये क्नेसेटचे खास अधिवेशन झाले, पंतप्रधान एश्कोल यांनी आपली बाजू घेतली, आणि बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत असे जाहीर झाले. नियमातून आपले नाव वगळले गेले. हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो आणि सांगितलाच पाहिजे.

परंतु ज्याला बाहेरच्यांनी तपासले त्याने घरात कोणाला तपासले होते, हेही त्या इतिहासाचे एक पान आहे. हाईम सामुएल केहिमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला. तो १९३७ साली छापला गेला. त्यात गोरा इस्राएल आणि काळा इस्राएल यांची नोंद आहे. ज्यांच्या घराण्यात कधीतरी बाहेरची स्त्री आली असे मानले जाई, ते काळा. त्यांच्याशी सोयरीक करत नसत, त्यांच्याबरोबर एका ताटात जेवत नसत. कातडीच्या रंगाशी त्याचा संबंध असे असेही नाही. आज कोणी हे पाळत नाही, आणि कोणी त्याविषयी बोलतही नाही.

आता जे सांगणार आहे ते माझ्या मुलीच्या संमतीने सांगते.

मी १९८४ साली या देशात आले. यजमान दोन वर्षे आधी आले होते. मुलगी तीन वर्षांची होती. तिला ठाण्याला माझ्या आईजवळ ठेवले. सहा महिन्यांत बोलावून घेऊ, असे म्हटले होते. पाच वर्षे लागली. आम्हीही कॅसेट पाठवत असू. मी इथे स्वयंपाकघरात बसून टेपरेकॉर्डरवर तिच्यासाठी गोष्टी सांगत असे, आणि तिकडून तिचा आवाज येत असे. दर वेळी जरा मोठा झालेला. १९८९ साली केनेडी विमानतळावर ती बाहेर आली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “तुम्ही आई का?” मराठीत मूल आईला ‘तुम्ही’ म्हणत नाही. परक्या बाईला म्हणते. पुढे कितीतरी महिने ती मला ‘तुम्ही’च म्हणत होती, आणि येणारे पाहुणे तिच्या वळणाचे कौतुक करत असत.

ती पंधरा वर्षांची झाली तेव्हा मी तिचे दप्तर, कपाट आणि रोजनिशी तपासू लागले. रोजनिशी तिने मराठीत लिहिली नव्हती, पण इंग्रजी मला येत होते. तिला ते कळले, त्या दिवशी ती माझ्यावर ओरडली, आणि त्या भांडणात तिने मला पूर्वी कधी म्हटले नव्हते इतक्या जोराने ‘तू’ म्हटले. मी आई म्हणून माझे काम केले असेच मला तेव्हा वाटले. तिला काही झाले असते तर लोकांनी कोणाला विचारले असते? कादंबरीतील आजीचे उत्तर मी माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या भाषेत दिलेले होते. १९९९ साली, कॉलेजात असताना, तिने हीच कादंबरी माझ्या हातात ठेवली होती. मी चाळीस पाने वाचली आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिली. तिने पुन्हा कधी विचारले नाही.

माझी आई १९९६ साली वारली. त्याच्या आदल्या वर्षी मी ठाण्याला गेले होते. एका दुपारी तांदूळ निवडताना तिने मला सांगितले की, तिच्या आजीला, म्हणजे माझ्या पणजीला, पेणकडच्या गावात लग्नाकार्यात वेगळ्या पंगतीला बसवत असत. तिचे ताट वेगळे मांडत. का, ते तिने सांगितले आणि मग म्हणाली, “कुणाला बोलू नकोस. पोरीला तर मुळीच नको.” पुढे ती तांदूळ निवडत राहिली.

२००८ साली मुलीचे लग्न ठरले. मुलगा चांगल्या अमेरिकन ज्यू घरातला. लग्न लावून देणाऱ्यांकडून कागद मागवण्यात आले. आपण भारतातून आलेले म्हणून जरा जास्तच. माझा केथुबा होता. आईचा केथुबा ठाण्याच्या लोखंडी ट्रंकेत निघाला. तेवढ्याने काम झाले. पण एका कागदावर आईच्या आजीचे घराणे विचारले होते, आणि मी तिथे ‘माहीत नाही’ असे लिहिले. मुलगी शेजारी बसली होती. तिने विचारले, “आई, खरंच माहीत नाही?” मी म्हटले, “जुन्या गोष्टी, कोणाला आठवतात?”

गेल्या हिवाळ्यात आमच्या तिसऱ्या बैठकीनंतर मी तिला घरी बोलावले आणि सगळे सांगितले. मला वाटले होते, ती चिडेल. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने एकच प्रश्न विचारला, “पणजीचं नाव काय होतं?”

मला ते ठाऊक नव्हते. आईने पंगत सांगितली, ताट सांगितले, गाव सांगितले. नाव सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. चार पिढ्या आम्ही त्या बाईला पडलेला डाग जपून ठेवला आणि तिचे नाव हरवून बसलो.

इथे कोणाच्या मनात प्रश्न येईल की, मग या घराण्याचे काय? आज बोलण्यापूर्वी मी आपल्या रब्बींना हे सर्व सांगितले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. पंगतीतील जागा हा कशाचाच पुरावा होत नाही, असे ते म्हणाले, आणि पणजीचे नाव शोधा, असे सांगितले.

म्हणून मी रूथकडे येते. आपल्याला ती सासूसुनेची गोड गोष्ट म्हणून आठवते. पण नामी बेथलेहेमला परत येते तेव्हा काय करते ते पाहावे. वेशीवर साऱ्या बायका जमल्या आहेत. ही नामीच का, असे त्या विचारतात. लोक काय म्हणतील याची पर्वा न करता नामी त्यांच्या तोंडावर सांगते की, मला आता त्या गोड नावाने हाक मारू नका, माझ्या वाट्याला कडूपणा आला आहे, भरल्या हाताने गेले आणि रित्या हाताने आले. देवाने मला दुःख दिले असेही ती म्हणते. एक आई गावासमोर असे बोलली, आणि आपल्या पूर्वजांनी ते शास्त्रात जसेच्या तसे ठेवले. दरवर्षी सणाच्या दिवशी आपण ते वाचतो.

आणि रूथ कोण? मवाबी. परकी बाई. तिच्यामुळे पुढे दावीद राजाच्याही कुळाची तपासणी झाली. तालमुदात सांगितले आहे की, दोएगने शौल राजापुढे हीच शंका काढली: मवाबी बाईचा वंशज इस्राएलच्या मंडळीत चालतो का? मोठा वाद झाला, आणि मवाबी पुरुषाला मनाई आहे, मवाबी स्त्रीला नाही, असा निर्णय शमुवेलच्या न्यायसभेच्या आधाराने दिला गेला. रूथ लपवली असती तर हा वाद टळला असता. आपल्या लोकांनी तिच्या नावाची स्वतंत्र मेगिल्लाच केली.

मेगिल्लेच्या शेवटी मूल जन्मते, तेव्हा त्याचे नाव आई ठेवत नाही, बाप ठेवत नाही, शेजारणी ठेवतात. आपल्या मराठीत ‘नाव ठेवणे’ म्हणजे बारसे, आणि ‘नावे ठेवणे’ म्हणजे दुसऱ्याचे उणे काढणे. शेजारणी दोन्ही करू शकतात. माझ्या पणजीला गावाने नावे ठेवली.

आमच्या आजींना मी शेवटच्या बैठकीत विचारले, “आपण आपल्यात वाचायचं म्हणता, ते खरं. पण आपण आपल्यात तरी वाचतो का?” त्या हसल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी आपल्या धाकट्या बहिणीविषयी एक गोष्ट सांगितली. ती मी इथे सांगणार नाही, कारण ती त्यांची आहे. एवढेच सांगते की, त्यांची नात शेजारी बसली होती आणि तिने ती पहिल्यांदाच ऐकली.

प्रत्येक गोष्ट छापावी असे माझे म्हणणे नाही. आपला समाज लहान आहे. भारतात आता काही हजारच उरले आहेत, आणि या देशात आपण कोण हे सांगतानाच अर्धी संध्याकाळ जाते. एका पुस्तकावरून आपल्याला जोखले जाईल, ही भीती खोटी नाही. हैतीच्या लोकांची भीतीही खोटी नव्हती. पण एडविज डॅन्टिकाने लिहिले म्हणून एका बेने इस्राएल आईने आपल्या मुलीला नऊ नव्हे, तेरा नव्हे, पुरती चौतीस वर्षे राखलेली रोजनिशीची, पंगतीची आणि विमानतळाची गोष्ट बोलून दाखवली. तिच्या समाजाची त्यात काही बदनामी झाली असे मला वाटत नाही.

वाचनमंडळातर्फे एक विनंती करून थांबते. खालच्या खोलीत आम्ही एक वही ठेवली आहे. तिच्यात प्रत्येकीने आपली आई, आजी, पणजी, जितक्या मागे जाता येईल तितक्या स्त्रियांची पहिली नावे लिहावीत. आडनावे गावावरून कळतातच. पहिली नावे हरवतात. कोणाला तिच्याविषयी काही सांगायचे असेल तर सांगावे, नसेल तर नाव पुरे. पुरुषांनीही आपल्या आयांची नावे लिहावीत. पेणकडच्या एखाद्या जुन्या घराशी कोणाचे नाते असेल तर मला सभेनंतर भेटावे. माझी ओळ वहीत अजून कोरी आहे, आणि माझी मुलगी दर रविवारी फोन करून विचारते.